प्रत्येक मेजवानीतली पाहुणी

१९५० साली ‘ऑल अबाउट ईव्ह’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. बेटी डेव्हिस, अ‍ॅन बॅक्स्टर, जॉर्ज सँडर्स अशी नामवंत मंडळी त्यात होती. सहा ऑस्कर पारितोषिकं त्याने मिळवली. रंगभूमीवर नाव कमावण्यासाठी वाटेल ते करणाऱ्या ईव्ह या तरुण नटीची ती गोष्ट. तिला एक मोठा पुरस्कार मिळतो. त्या समारंभाला नाट्यक्षेत्रातली बडी मंडळी जमलेली असतात. त्यांच्यातली एक उंच, रुबाबदार बाई ईव्हचं अभिनंदन करते आणि पुन्हा माणसांत मिसळून जाते. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या बाईंचं नाव नाही.

आता जरा मागे जाऊ. १९३४ सालचा फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. वर्तमानपत्राच्या संपादकाच्या कचेरीत त्याची सेक्रेटरी दिसते. तीच बाई. १९३८ सालचा काप्रा यांचाच ‘यू कान्ट टेक इट विथ यू’. त्यातही तीच. १९५२ सालचा सेसिल डीमिल यांचा सर्कसपट ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’, १९५६ सालचा ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’. दोन्हींत तीच. या पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पाचांतही ही बाई आहे आणि पाचांतल्या एकाही नामावलीत ती नाही.

तिचं नाव बेस फ्लॉवर्स. हॉलीवूडमध्ये तिला ‘एक्स्ट्रांची राणी’ म्हणत. आज मी आपल्याला तिच्याविषयी, म्हणजे बेसबाईंविषयी, सांगणार आहे. चित्रपटाचा इतिहास आपण नेहमी नटनट्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या नावांनी सांगतो. ज्यांची नावं पडद्यावर आलीच नाहीत, त्यांच्या बाजूने हा इतिहास कसा दिसतो, हे एकदा पाहायला हवं.

बेसबाईंचा जन्म २३ नोव्हेंबर १८९८ रोजी टेक्सास राज्यातल्या शर्मन या गावी झाला. १९२३ साली त्या पडद्यावर आल्या. पहिल्या चित्रपटाचं नावही ‘हॉलीवूड’ असंच होतं. योगायोग पाहा, नट होण्याच्या आशेने हॉलीवूडला येणाऱ्या माणसांचीच ती गोष्ट होती. त्याच वर्षी त्यांनी कलन टेट यांच्याशी लग्न केलं. टेट हे सेसिल डीमिल यांचे सहायक दिग्दर्शक. काही वर्षांतच तो संसार मोडला. बाईंच्या पदरी एक मुलगी होती.

सुरुवातीला त्या नायिकाही झाल्या, हे फारसं कोणाला माहीत नसतं. १९२६ साली एफबीओ या कंपनीच्या काही चित्रपटांत त्यांना मोठ्या भूमिका मिळाल्या. ही कंपनी त्याच वर्षी जोसेफ केनेडी यांनी विकत घेतली होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे हे वडील. एफबीओचा हुकमी एक्का होता फ्रेड थॉमसन, घोडदौडीच्या चित्रपटांचा नायक. त्याचा ‘सिल्व्हर किंग’ नावाचा घोडासुद्धा प्रसिद्ध होता. ‘लोन हँड सॉन्डर्स’ आणि ‘हँड्स अक्रॉस द बॉर्डर’ या थॉमसनच्या दोन चित्रपटांत बेसबाई त्याच्या नायिका होत्या. जाहिरातीत नाव, नामावलीत नाव, सगळं होतं.

मग ते थांबलं. मूकपटांचे दिवस संपत आले होते. फ्रेड थॉमसन हा त्या काळातला फार मोठा तारा. पण १९२८ सालच्या नाताळच्या दिवशी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच महिन्यात लॉरेल आणि हार्डी या जोडीचा ‘वुई फॉ डाउन’ हा छोटा विनोदी मूकपट प्रदर्शित झाला. त्यात स्टॅन लॉरेलची बायको झाल्या होत्या बेसबाई. नाटकाला जातो अशी थाप मारून दोघे मित्र पत्त्यांच्या डावाला निघतात आणि नेमकी त्या नाटकगृहालाच आग लागते. मग घरी बायका त्यांची जी हजेरी घेतात, ती आजही पाहताना हसू आवरत नाही. बाई उंच आणि स्टॅन किरकोळ, त्यामुळे नुसतं शेजारी उभं राहिलं तरी विनोद व्हायचा.

पण नायिकापद काही परत आलं नाही. पुढची जवळजवळ छत्तीस वर्षं, १९६४ सालच्या ‘गुड नेबर सॅम’पर्यंत, बेसबाईंनी प्रामुख्याने दोन-चार सेकंदांची कामं केली. मेजवानीतली पाहुणी, नाटकाला आलेली प्रेक्षक, हॉटेलात जेवणारी बाई, कचेरीतली सेक्रेटरी, परिचारिका, कोणाची तरी शेजारीण.

हे वाचून कोणी म्हणेल, बिचारी घसरली. मला तसं वाटत नाही. का, ते सांगण्याआधी त्या काळी हॉलीवूडमध्ये एक्स्ट्रा असणं म्हणजे काय होतं, ते समजून घ्यावं लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर हॉलीवूडकडे माणसांची रीघ लागली. गावोगावची तरुण मुलं-मुली आगगाडीचं तिकीट काढून लॉस एंजलिसला येत आणि स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभी राहत. सहायक दिग्दर्शक फाटकाशी येऊन हाताने खुणावणार, तू ये, तू ये, बाकीचे घरी जा. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर सकाळी जसं चालतं, अगदी तसंच. मधल्या मध्ये खासगी दलाल होते. दिवसाच्या मजुरीतला वाटा ते कापून घेत. मुलींची फसवणूक तर ठरलेली. याचा गवगवा फार झाला, तेव्हा निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी या प्रश्नाची पाहणी करून घेतली. तिच्यातून डिसेंबर १९२५ मध्ये ‘सेंट्रल कास्टिंग’ ही संस्था स्थापन झाली. सगळ्या मोठ्या स्टुडिओंना लागणारे एक्स्ट्रा या एकाच कचेरीने पुरवायचे, दलालाने नाही, आणि एक्स्ट्राकडून कमिशन घ्यायचं नाही, असं ठरलं.

फाटकावरची गर्दी आता टेलिफोनच्या तारांवर आली. नाव नोंदवलेल्या माणसाने संध्याकाळी फोन करायचा, आपलं नाव सांगायचं. ऑपरेटर ते नाव मोठ्याने उच्चारणार. पलीकडे बसलेल्या माणसाला उद्यासाठी तो चेहरा हवा असेल तर काम. नसेल तर ठरलेलं उत्तर, ‘काम नाही. नंतर फोन करा.’ नोंदवलेली नावं हजारोंनी आणि रोजचं काम काहीशे माणसांना. त्यामुळे बहुतेकांना बहुतेक दिवशी हेच उत्तर ऐकावं लागे. पुन्हा थोड्या वेळाने फोन, पुन्हा तेच.

१९२८ साली या दुनियेवर दोन चित्रपट निघाले. एक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा ‘द लास्ट कमांड’. झारच्या सैन्यातला एक सेनापती क्रांतीनंतर देशोधडीला लागतो आणि हॉलीवूडमध्ये एक्स्ट्रा होतो. रोज साडेसात डॉलर मजुरीवर त्याला सेनापतीचाच पोशाख चढवून उभं करतात. ही भूमिका करणाऱ्या एमिल यानिंग्ज यांना अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं. एक्स्ट्राची भूमिका केल्याबद्दल ऑस्कर मिळालं, असंच म्हणायला हवं.

दुसरा चित्रपट अगदीच छोटा. रॉबर्ट फ्लोरी आणि स्लाव्हको व्होर्कापिच या दोघांनी शंभर डॉलरच्या आत तो बनवला. कागदाची आणि पुठ्ठ्याची शहरं उभी केली आणि त्यांचं चित्रण स्वयंपाकघराच्या मेजावर केलं. कॅमेऱ्यामागे होता तरुण ग्रेग टोलंड, ज्याने पुढे ‘सिटिझन केन’ चित्रित केला. या चित्रपटाचं नाव ‘द लाइफ अँड डेथ ऑफ ९४१३ : अ हॉलीवूड एक्स्ट्रा’. नायक हॉलीवूडला येतो तेव्हा त्याच्या कपाळावर एक आकडा लिहिला जातो, ९४१३. तेच त्याचं नाव. काम मागतो, मिळत नाही. शेवटी उपाशी मरतो. वर स्वर्गात गेल्यावर त्याच्या कपाळावरचा आकडा पुसला जातो.

नाव पुसून आकडा लिहिला जाणं हे या धंद्यातलं भय होतं. ते खोटंही नव्हतं. अशा धंद्यात एक बाई चाळीस वर्षं टिकते, म्हणजे तिच्याकडे काहीतरी विद्या असली पाहिजे.

ती विद्या म्हणजे काय? पहिली गोष्ट कपड्यांची. एक्स्ट्रांमध्येही उतरंड होती. तळाशी नुसती गर्दी. लढाईतले सैनिक, रस्त्यावरचे लोक. त्यांना स्टुडिओ कपडे देणार आणि सर्वांत कमी मजुरी देणार. वरच्या पायरीवर ‘ड्रेस एक्स्ट्रा’. ज्यांच्याकडे स्वतःचे उंची पोशाख आहेत, असे लोक. पुरुषांकडे शेपटीचा काळा कोट, बायकांकडे संध्याकाळचे पायघोळ झगे, फरचे कोट, हातमोजे, टोप्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती आणि पडद्यावर मात्र रोज मेजवान्या झडत होत्या. प्रत्येक मेजवानीला पाहुणे हवेत. स्वतःच्या कपड्यांत येणाऱ्या पाहुण्याला मजुरी जास्त. बेसबाईंचं कपाट हे त्यांचं भांडवल होतं. सुताराकडे जशी हत्यारांची पेटी, तसं. फॅशन बदलली की नवे कपडे घ्यायचे, जुने नीट सांभाळायचे, कारण कधी दहा वर्षांपूर्वीची गोष्ट असेल तर तेच लागणार.

दुसरी गोष्ट वागण्याची. मेजवानीच्या दृश्यात मागे बसलेल्या बाईने काटा-चमचा कसा धरावा, पेला कसा उचलावा, नाचताना कॅमेऱ्याच्या वाटेत न येता गिरकी कशी घ्यावी, हे तिला सांगावं लागत नसे. १९२७ साली ‘द जाझ सिंगर’ आला आणि चित्रपट बोलू लागला. तेव्हा एक्स्ट्रांचं काम आणखी अवघड झालं. पुढे नायक-नायिका बोलत असताना मागे बसलेल्यांनी नुसते ओठ हलवायचे. हसायचं, पण आवाज न करता. चमचा बशीला लागू द्यायचा नाही. मेजवानी रंगात आली आहे असं दिसलं पाहिजे आणि ऐकू मात्र काहीच येता कामा नये. हे एकदा करून होत नाही. नायिकेचं एक वाक्य चुकलं की सगळं पहिल्यापासून. तोच पेला तेवढाच उचलायचा, त्याच क्षणी मान वळवायची.

आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट. दिसायचं, पण लक्षात यायचं नाही. एक्स्ट्राकडे प्रेक्षकाचं लक्ष गेलं तर दृश्य बिघडलं. आणि तो तिथे नसला तरीही दृश्य बिघडलं. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी जागा आहे, तिच्यात बेसबाई उभ्या राहिल्या. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इंडेम्निटी’मध्ये विमा कंपनीच्या साहेबाची सेक्रेटरी त्या आहेत. ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये प्रेक्षागृहात त्या आहेत. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’त उपाहारगृहात जेवायला त्या आहेत. थ्री स्टूजेस या धसमुसळ्या त्रिकुटाच्या ‘मट्स टू यू’मध्ये मात्र त्यांना खरी भूमिका आहे. बाळ हरवलेल्या आईची. दूरचित्रवाणी आली तेव्हा ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेतही त्या नाटकाच्या प्रेक्षकांत बसलेल्या सापडतात.

प्रेक्षक म्हणून बसणं हेही काम आहे का, असं कोणी विचारील. मी कविता वाचणारा माणूस आहे. समोर बसलेला माणूस नुसता ऐकत नसतो, तो मैफल उभी करत असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. शेर कितीही चांगला असो, दाद देणारा नसेल तर तो तिथेच पडतो. पडद्यावर नायिका गाते तेव्हा ती चांगली गाते आहे हे आपल्याला कशावरून कळतं? ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. ते चेहरे कोणीतरी विकलेले असतात, दिवसाच्या मजुरीवर.

‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा. नसलं तरी चालेल असं. आपल्या मुंबईच्या स्टुडिओंतही हाच शब्द रुळला, पुढे त्याच्या जागी ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ असा जरा बरा शब्द आला. पण हॉलीवूडच्या कुठल्याही जुन्या चित्रपटातून ही जादा माणसं काढून पाहा. रिकाम्या दालनात केरी ग्रँट एकटाच नाचतो आहे, रिकाम्या रस्त्यावर जेम्स स्टुअर्ट धावतो आहे, असं चित्र उभं राहील. शहरच उरणार नाही.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास अर्धवट राहील. बेसबाईंना पाहुणी म्हणून बसता आलं, कारण त्या गोऱ्या होत्या. त्यांच्याच टेक्सास राज्यात, ह्यूस्टनला, १९०६ साली टेरेसा हॅरिस ही दुसरी एक मुलगी जन्माला आली. ती गाणारी, नाचणारी, दिसायला देखणी. १९३३ सालच्या ‘बेबी फेस’मध्ये बार्बरा स्टॅनविकच्या बरोबरीने ती किती सहज वावरते, ते पाहण्यासारखं आहे. पण ती कृष्णवर्णीय होती. त्यामुळे पुढची बरीच वर्षं तिच्या वाट्याला मुख्यत्वे मोलकरणीच आल्या. सेंट्रल कास्टिंगमध्ये कृष्णवर्णीय एक्स्ट्रांचा विभागच वेगळा होता. मेजवानीच्या दृश्यात त्यांनी तबक घेऊन उभं राहायचं, खुर्चीवर बसायचं नाही.

खऱ्या मेजवानीतही याहून वेगळं नव्हतं. ‘गॉन विथ द विंड’साठी हॅटी मॅकडॅनियल यांना फेब्रुवारी १९४० मध्ये ऑस्कर मिळालं. कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. त्या रात्री अ‍ॅम्बॅसडर हॉटेलच्या दालनात त्यांना चित्रपटातल्या इतर कलावंतांबरोबर बसू दिलं नाही. भिंतीलगतच्या एका वेगळ्या टेबलावर त्या बसल्या. टेरेसा हॅरिस १९८५ साली वारल्या, बेसबाईंच्या पाठोपाठ वर्षभराने. दोघींची नावं नामावलीतून गळाली, हे खरं. पण एकीला पाहुणी म्हणून पडद्यावर येता आलं आणि दुसरीला नोकर म्हणून. विस्मरणातसुद्धा सगळ्यांना सारखी जागा मिळत नाही.

आता मजुरीचा प्रश्न. १९३३ साली हॉलीवूडच्या नटांनी ‘स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड’ ही आपली संघटना स्थापन केली. १९३७ साली स्टुडिओंनी तिला मान्यता दिली. एक्स्ट्राही या संघटनेत होते, पण दुय्यम शाखेत. नटांइतका मताचा अधिकार त्यांना नव्हता. कारण उघड होतं. एक्स्ट्रा संख्येने फार. त्यांना सारखं मत दिलं तर संघटना त्यांचीच होईल, अशी नटांना धास्ती. म्हणजे ज्यांच्यावाचून पडदा रिकामा, त्यांना संघटनेतही मागच्याच रांगेत बसवलं होतं.

मग १९४५ साली एक्स्ट्रांनी वेगळी चूल मांडली. ‘स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड’. ही संघटना उभारणाऱ्यांत बेस फ्लॉवर्स होत्या. तिच्या सुरुवातीच्या उपाध्यक्षांपैकी त्या एक होत्या आणि चिटणीस म्हणून सभांचे वृत्तान्त लिहिण्याचं कामही त्यांनी केलं. पडद्यावर ज्यांना एक वाक्य मिळण्याची मारामार, त्या बाई सगळ्या सभेचं बोलणं कागदावर उतरवत होत्या.

अशा संघटनांच्या मागण्या ऐकायला रुक्ष वाटतात. दिवसाची किमान मजुरी किती, आठ तासांच्या पुढे थांबवलं तर जादा किती, स्वतःचे कपडे आणले तर त्याचे किती, पावसाच्या दृश्यात भिजवलं तर किती, एखादं वाक्य बोलायला लावलं तर दर बदलायचा की नाही. परंतु मला यात मोठी गोष्ट दिसते. श्रेयनामावलीत नाव घाला, असा आग्रह धरून शेकडो माणसांच्या चुली पेटल्या नसत्या. आमच्या कामाला काम म्हणा, एवढंच त्यांनी मागितलं. कपाळावरचा आकडा पुसण्यासाठी स्वर्गाची वाट पाहत ते बसले नाहीत. इथेच, करारपत्रावर, त्यांनी स्वतःचा दर लिहून घेतला.

म्हणून बेसबाई घसरल्या असं मी म्हणत नाही. नायिका म्हणून त्यांना मोजके चित्रपट मिळाले असते आणि मग फोन वाजायचा थांबला असता. त्या काळातल्या कितीतरी नायिकांचं तेच झालं. बाईंनी एका बेभरवशाच्या धंद्याचं रूपांतर चाळीस वर्षांच्या उपजीविकेत केलं आणि तो धंदा इतरांसाठीही थोडा भरवशाचा व्हावा म्हणून खटपट केली.

२८ जुलै १९८४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्या वारल्या. वुडलँड हिल्स इथे चित्रपटसृष्टीतल्या वृद्धांसाठी चालवलेलं एक निवासस्थान आहे, तिथे. त्यांनी एकूण किती चित्रपटांत काम केलं? कथापट मोजणारे साडेतीनशेच्या वर सांगतात. छोटे विनोदी पट आणि मालिका धरून काही याद्या आठशेच्याही पुढे जातात. आकड्यांत एवढी तफावत, कारण त्यांची हजेरी लिहून ठेवावी असं स्टुडिओंना कधी वाटलंच नाही. ही मोजणी प्रेक्षकांनी केली. घरोघर व्हिडिओ आला, मग डीव्हीडी आली, दृश्य थांबवून पाहता येऊ लागलं. जुन्या चित्रपटांचे शौकीन एकेक चौकट गोठवून बघू लागले आणि मागच्या रांगेत बसलेली तीच उंच बाई त्यांना पुन्हा पुन्हा सापडू लागली. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेल्या वीसहून अधिक चित्रपटांत त्या आहेत, हा हिशेब असाच लागला. लक्षात न येण्याची कला ज्यांनी जन्मभर साधली, त्या अशा लोकांच्या लक्षात आल्या.

त्यांची संघटना १९९२ साली विसर्जित झाली आणि एक्स्ट्रा पुन्हा नटांच्या संघटनेत आले. पण प्रश्न मिटला नाही. १४ जुलै २०२३ रोजी हॉलीवूडच्या नटांनी संप पुकारला. तो ११८ दिवस चालला. त्या भांडणातला एक मुद्दा एक्स्ट्रांचा होता. संगणकाने माणसाचा चेहरा, शरीर, चाल टिपून ठेवता येते. एक्स्ट्राला एका दिवसाची मजुरी देऊन त्याची प्रतिमा टिपायची आणि पुढे कायम वापरायची, असा स्टुडिओंचा बेत असल्याचा आरोप संघटनेने केला. स्टुडिओंनी तो नाकारला. अखेर नोव्हेंबरमध्ये समझोता झाला. एक्स्ट्राच्या संमतीशिवाय त्याची अशी प्रतिमा करायची नाही आणि ठरलेल्या किमान संख्येइतकी खरी माणसं घ्यायचीच, प्रतिमांनी ती संख्या भरून काढायची नाही, अशी कलमं त्यात आली. बेसबाईंच्या पिढीने मागितलं होतं तेच हे, फक्त नव्या भाषेत. दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला माणूस म्हणून मोजा.

हिचकॉक यांचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाय मोडून घरात बसलेला जेम्स स्टुअर्ट समोरच्या खिडक्यांमधून लोकांची घरं न्याहाळतो. त्यांतलं एक घर संगीतकाराचं. आपल्या बहुतेक चित्रपटांत क्षणभर दर्शन देण्याची हिचकॉक यांची सवय होती आणि या चित्रपटात ते याच घरात घड्याळाला चावी देताना दिसतात. रसिक मंडळी ते दृश्य एकमेकांना बोट दाखवून सांगतात. पुढे याच संगीतकाराकडे एक मेजवानी होते. पाहुणे जमतात. त्यांच्यात झुपकेदार केसांचा छोटा कुत्रा जवळ घेतलेली एक उंच बाई आहे. पुढच्या वेळी हा चित्रपट पाहाल तेव्हा हिचकॉक दिसून गेल्यावर त्या खिडकीवरची नजर काढू नका. बेस फ्लॉवर्स थोड्याच वेळात तिथे येणार आहेत.